काचेखालचं रान

आमच्या छोट्या गाडीत पाणी साचू लागलं तेव्हा तिच्या बरोबरीच्या गाड्या रस्त्यावर क्वचितच दिसत. चालकाशेजारच्या आसनापुढे, पाय ठेवायच्या जागी, एक सर येऊन गेली की ओंजळभर पाणी जमे. मॅट उचलली की खालचं कापड पावसाळी पायपुसण्यासारखं लिबलिबीत. कोरडं करावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिच्या बाकीच्या खोड्या मला पाठ होत्या. डावीकडे वळताना तिचा हॉर्न आपसूक वाजे आणि पादचारी माझ्याकडे रागाने पाहत. मागचं एक दार फक्त बाहेरून उघडे, त्यामुळे मागे बसलेल्या पाहुण्याला आदराने उतरवून घ्यावं लागे. थंडीत चावी फिरवली की ती आधी खाकरायची, मग विचारात पडायची, आणि मी डॅशबोर्डवर हात फिरवला की कुरकुरत सुरू व्हायची. बॅटरी, तेल, रेडिएटरचं पाणी, टायरमधली हवा, सारं मी वेळेवर बघत असे. म्हाताऱ्या माणसाच्या औषधपाण्यासारखं. पण हे पाणी बाहेरून आत येत होतं, आणि कुठून ते कळत नव्हतं.

माझा नवरा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. निकामी वस्तू ठेवून घेणं त्याला शिस्तीत बसत नाही.

"काढून टाकू आता हिला," एका सकाळी तो म्हणाला. "लय सेवा केली तिनं. एक मोठी घेऊ, उंच. बसलं की रस्ता दिसतो."

"मोठी गाडी आमच्या बोळात जाईल का?"

"तुझ्या बोळाबाहेर पण जग हाय की गं!"

बोळ सांगलीतला. माझे वडील तिथे एकटे राहतात. सगळं आयुष्य हळदीच्या पेठेत गेलं. अजूनही नुसत्या वासावरून हळद कुठल्या रानातली ते सांगतात. आता गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा बोळ त्यांना चालवत नाही, आणि रिक्षावाले त्यात शिरायला नाखूष. माझी गाडी मात्र दोन्ही आरसे कानांसारखे मिटले की अंग चोरून थेट उंबऱ्याशी जाते. पंधरवड्यातून एकदा मी साताऱ्याहून निघते, वडिलांना दारातून उचलते आणि कृष्णेच्या काठावर नेते. काचा खाली करून आम्ही पाण्याकडे बघत बसतो. त्यांचं घराबाहेर पडणं एवढंच. ही गाडी गेली तर तेही गेलं, हे नवऱ्याला ठाऊक होतं. फक्त त्याला वाटे, काहीतरी मार्ग निघेल. मार्ग नेहमी निघतात अशी सैन्यातल्या माणसांची श्रद्धा असते.

मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने दारांची रबरं बदलली. "ताई, रबर गेलं व्हतं. आता थेंब यायचा न्हाई." थेंब आला नाही, पूर्वीइतकंच पाणी आलं. मग त्याने एसीची नळी फुंकून साफ केली. पुन्हा पाणी. तिसऱ्या खेपेला त्याने मॅट उचलून बराच वेळ त्या डबक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गाडी रडतीया. म्हातारपणी असं व्हतं बघा."

तोवर नवऱ्याने आपल्या पलटणीतल्या एका जुन्या हवालदाराला शब्द देऊन टाकला होता. तो माणदेशातला, धनगराच्या घरातला. त्याला जुनी, छोटी, पोटाला कमी लागणारी गाडी हवी होती. रविवारी तो बघायला येणार होता. सुभेदाराने हवालदाराला दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मला आता कोणाशी भांडावं तेही कळेना.

त्या शनिवारी बाजारातून परतताना सर आली आणि पुढची काच आतून धुरकटली. मी ब्लोअर लावला. एक वास आला, आणि मी गाडी कडेला घेतली.

ओल्या मातीचा वास होता, पण रस्त्याच्या मातीचा नव्हे. त्यात फुगलेल्या गव्हाचं आंबूस दूध होतं, उजेड न पाहिलेल्या पात्याची फिकी गोडी होती, आणि सगळ्यांत खाली झेंडूची शिळी कडवट किनार. डोळे मिटले तर समोर समईची ज्योत दिसावी असा तो वास. भाद्रपद चालला होता, गणपती नुकतेच गेले होते, नवरात्राला अवकाश होता. आणि माझ्या गाडीत मात्र घट बसला होता.

घरी येऊन मी बॉनेट उघडलं आणि पुढच्या काचेखालच्या काळ्या जाळीला नाक लावलं. संशय उरला नाही.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा नवरा करतो. धुतलेली गाडी, कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला नाम, जणू परेडच. पूजा झाली की घटातलं उगवलेलं धान तो मुळांवरच्या मातीसकट उपटतो आणि काचेपुढे, बरोबर मध्यावर, मूठभर ठेवतो. इतर लोक दोन पाती वायपरला खोचून मोकळे होतात. पण याचं म्हणणं, देवीचं रान गाडीला लागलं पाहिजे. आणि प्रसादाला झाडू लावायचा नाही, जाईल तिथे जाऊ द्यायचा, हाही त्याचाच नियम. इतक्या वर्षांच्या दसऱ्यांचा तो प्रसाद कुठे गेला, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मी पाण्याचा पाईप घेऊन उभी राहिले.

"तुम्ही आत बसा," मी नवऱ्याला म्हटलं. "डावीकडे. पाय खाली सोडून."

"कशाला?"

"पहाऱ्यावर."

तो बसला, पाठ ताठ. मी काचेवर पाणी सोडलं. थोड्याच वेळात आतून आरोळी आली, "बंद कर! बूट भिजलं माझं!"

तेवढ्यात फाटकातून हवालदार आत आले. मिशा पांढऱ्या, चाल अजून कदमतालाची. "रामराम साहेब. आंघूळ चाललीया का?"

नवरा भिजल्या बुटांनी उतरला, पाना आणला, वायपर काढले आणि जाळी उचलली. खाली गाडीच्या रुंदीइतकं लांबट एक वाफा तयार झाला होता. काळी माती, कुजलेल्या पाकळ्या, आणि कधीच्या तरी दसऱ्याचे, इतक्या दिवसांनी पाणी लागलेले चार-दोन दाणे. पिवळसर पात्यांचा एक झुबका उजेडात डोळे किलकिले करत उभा होता. पाणी वाहून जायची भोकं पार बुजली होती. म्हणून ते ब्लोअरच्या वाटेनं आत उतरत होतं.

हवालदार वाकले, बघितलं, आणि पोट धरून हसले. "आवं साहेब, आमच्या रानात पेरून उगवंना, आन् तुमी गाडीत बागायत करताय व्हय!"

नवऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "प्रसाद हाय तो," तो पुटपुटला.

"व्हय की. ते दिसतंयच."

तिघांनी मिळून माती काढली. भोकांत तार घातली, वरून पाणी सोडलं, आणि ते पुढच्या चाकामागून खळखळत जमिनीवर आलं. मी आनंदाने टाळी वाजवली, आणि मग माझ्या ध्यानात आलं, की हे तर आणखी वाईट झालं. दोष गेला. आता गाडी विकायला अगदी लायक होती. नवऱ्यालाही तेच सुचलं असावं. तो बुटांकडे बघू लागला.

"मला गाडी द्यायची नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "हवालदार, तुम्हाला यांनी शब्द दिलाय हे मला माहीत आहे. पण सांगलीत माझे वडील आहेत. त्यांच्या बोळात हीच तेवढी जाते."

हवालदारांनी हातातला पात्यांचा झुबका नळाखाली धुतला, टोपी काढली, ती पाती टोपीत खोचली आणि टोपी पुन्हा नीट बसवली.

"साहेब," ते म्हणाले, "बसलेला घट कुणी हलवतं का? तुमी शब्द मोडला न्हाई. म्याच गाडी घेत न्हाई. माझी म्हातारी घरात घेईल का मला, देवीची जागा इकत आणली म्हणून?"

"तसं नसतं रं काही," नवरा म्हणाला.

"नसंल. चहा टाका वहिनी."

दुपारी मी सांगलीला निघाले. कराड मागे पडलं, अजून तुरे न आलेले उसाचे हिरवे फड दोन्ही बाजूंना लोटत गेले, ब्लोअरमधून नुसतीच हवा आली. बोळाच्या तोंडाशी आरसे मिटले, डावं चाक गटाराच्या कडेने सांभाळत आत नेलं. वडील दारातच, काठीवर हनुवटी टेकून, ठेवणीतली टोपी घालून बसलेले.

"लय उशीर केलास गं," ते म्हणाले. "मला वाटलं गाडी गेली."

"नाही गेली. बसा."

ते हळूहळू आत सरकले, पाय सावकाश कोरड्या मॅटवर ठेवले, आणि काच खाली करायला हातानेच दांडी फिरवू लागले.