सर्व्हरची खंडेनवमी

साताऱ्यात बसून आटपाडीचा सर्व्हर चालवतो, हे मी लग्नामुंजीत, बारशात, कुणी विचारलं नाही तरी सांगत फिरायचो. आटपाडीला आमच्या डेअरीचं दूध संकलन केंद्र. तिथला सर्व्हर अडला की मला गाडी काढावी लागायची, आणि तो अडायचा नेमका सणालाच. म्हणून मी त्याच्या मागच्या सिरीयल पोर्टला निळ्या वायरने वेगळ्या सिमकार्डाची एक डबी जोडली. इंटरनेट मेलं तरी या मागच्या दाराने आत शिरायचं आणि घरबसल्या हुकूम सोडायचे. माज इतका चढला, की तिथला स्क्रीन आणि कीबोर्डही मी उचलून आणले. वर बायकोला शब्द दिला: यंदा खंडेनवमी आणि दसरा सांगलीला, तुझ्या माहेरी.

खंडेनवमीला सकाळी आम्ही निघणार, तोच केंद्रावरच्या कारकुनांचा फोन. सर्व्हर बंद करून पुसला, पुजला, परत चालू केला, तर अडकला. असा अडकला की तो एक प्रश्न विचारून थांबतो. 'वाय' दाबलं की सुटतो. मी ऐटीत लॅपटॉप उघडला. पडदा काळाठिक्कर.

"मागची निळी वायर आहे ना जागेवर?"

"ती व्हय? ती काढली, सायेब."

"का?"

"आवं, तिला दिवा न्हाई, काय न्हाई. आमी म्हणलं, बिनकामाची हाय. पण टोकाला नऊ भोकं हायती बगा. नवमीच्या नऊ उदबत्त्या लय झ्याक बसल्या!"

"काढा त्या!"

"काढल्या की. काड्या आतच मोडल्या."

म्हशींना खंडेनवमी नसते. संध्याकाळचं दूध यायचंच होतं. मी लॅपटॉप, नवी वायर आणि गाडीची किल्ली घेतली.

"घरात बसून चालतं ना ते?" बायको म्हणाली. "जावा. मी एसटीनं जाते. आईला काय सांगू, जावई उदबत्त्या विझवायला गेलेत?"

दहिवडी, म्हसवड करत आटपाडी गाठली. सर्व्हरला झेंडूचा हार, कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं तिथं, हळदकुंकू. कारकुनांनी आधी चपला काढायला लावल्या, मग नमस्कार. मी, संगणकातला जाणकार, मुकाट हात जोडले. मग वायर लावली, 'वाय' दाबलं. झालं. एवढ्याचसाठी निम्मा जिल्हा तुडवला होता.

सांगलीला फोन लावला.

"जेवणं झाली," बायको म्हणाली. "आईनं तुमचं पान मांडलं होतं. शेवटी भाच्याला बसवलं त्यावर."

कारकुनांनी हातावर ठेवलेलं प्रसादाचं खोबरं चावत मी सांगलीचा रस्ता धरला.