योहानची माफी

योहान गेल्याचं कळलं तेव्हा मी सावनेरला मुलीकडे होतो. नागपूरला पोचलो तर त्याच्या दारात बापूसाहेब, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोळ्यांना रुमाल लावून उभे. "क्षमेची मूर्ती गेली," असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मला शिसारी आली. त्या मूर्तीवर घाव कोणी घातला, हे सांगायला मात्र त्यांची जीभ रेटत नव्हती…

योहान शिंपी, माझा शेजारी. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो, तो आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी त्याच्या घरी आठ-दहा माणसं जमून पेटीवर भजनं म्हणत, एवढाच त्याचा गुन्हा. साठ सालानंतर कधीतरी कोणी आवई उठवली की हा पैसे वाटून धर्म बदलवतो. ज्याच्या घरी सांजेला भाजीची भ्रांत, तो म्हणे पैसे वाटणार! बापूसाहेब तेव्हा नुसते बापू होते. तिघांना घेऊन आले, पेटी फोडली, आणि योहानचा उजवा हात उंबऱ्यावर धरून लाठीनं ठेचला. कात्रीचा हात.

कोर्टात त्यानं चौघांनाही ओळखलं, आणि मी यांना माफ केलंय, सोडून द्या म्हणाला. न्यायाधीशांनी नाइलाजानं तडजोड मान्य केली. शूरवीर बाहेर येऊन हसले, भ्याला म्हणाले. मीही चिडून महिनाभर योहानशी बोललो नाही. त्याची बायको मार्था मशीनवर बसली, तो डाव्या हातानं काजंबटणं करू लागला.

पुढे बापू कार्पोरेशनच्या इलेक्शनला उभा राहिला. विरोधक जुनं उकरू लागले तसा हार घेऊन योहानकडे आला. म्हणाला, सभेत एवढंच सांग की तसं काही झालंच नव्हतं. नाहीतरी तू माफ केलंच आहेस. योहाननं त्याला चहा पाजला. मग शांतपणे म्हणाला,

"माफ केलं म्हणजे झालंच नाही काय गा, बापू? झालं म्हणूनच त माफ करा लागलं. झालं नाही म्हटलं, त माही माफी वापस घेतल्यासारखी होते."

हार तिथंच टाकून बापू गेला. निवडून मात्र आला. असली माणसं निवडून येतातच.

परवा योहानच्या शोकसभेत बापूसाहेबांनी त्या प्रकाराला 'गैरसमज' म्हटलं. मार्था जागेवरूनच म्हणाली, "गैरसमज नव्हता. तुम्ही हात ठेचला. त्यायनं माफ केलं. मी अजून नाही केलं." बापूसाहेबांनी घड्याळ पाहिलं. लगेच त्यांना दुसरा कार्यक्रम आठवला.

योहान रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या चौघांची नावं घ्यायचा, बापूचं पहिलं. हे मला आता कळलं, कारण आता ती प्रार्थना मार्था म्हणते. काल मी तिथंच, मशीनशेजारच्या त्याच्या स्टुलावर बसलो होतो. नावांपाशी ती थांबली. मग तिघांची नावं घेतली, आणि आमेन म्हणाली.