‘कडल’ कोणाचं

इंटरनेटवरच्या संकेतस्थळांची नावं तेव्हा कागदी अर्जावर मिळत. मैलापूरच्या कचेरीत ते अर्ज घेणारे एकच कारकून होते, तंजावरकडचे मराठी. आकडे तमिळमध्ये पुटपुटायचे, प्रत्येक अर्जावर तास-मिनिट लिहायचे आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचे. एक नाव एकालाच, आधी येईल त्याला.

आमच्या कोळंबी कंपनीला ‘कडल’, म्हणजे समुद्र, हे नाव हवं होतं. एन्नोरच्या कोळणींच्या संस्थेने ते सकाळीच मागितलं होतं, पण त्यांच्या अर्जावर सही नव्हती. माझे कागद चोख होते.

“मग तो अर्ज बाद ना?”

“पाचला बाद. आत्ता तीन वाजलेत, अक्का. बसा की हो.”

आणि त्यांनी स्वतःच एन्नोरला फोन लावला. तशी पद्धत नव्हती. मी घड्याळाकडे बघत राहिले, ते दाराकडे.

पाचला सात मिनिटं असताना एक बाई धापा टाकत आली. सही झाली, शिक्का बसला.

“आपल्या मराठी माणसासाठी एवढंही नाही?” मी फणकारले.

“सही तुमची राहिली असती, तर फोन तुम्हालाच केला असता.”

मी पिशवीतून कोरा अर्ज काढला आणि दुसरं नाव लिहायला घेतलं.