आधी बाळंतपणाची खोली

बांधकामाच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणसं असतात तेव्हा माल नसतो, आणि माल येतो तेव्हा माणसं गेलेली असतात. दोन्ही एकाच दिवशी साईटवर दिसली की मला घाम फुटतो, कारण त्या दिवशी हमखास पाणी नसतं. सुपरवायझर नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, फोन करतो आणि ओरडतो. ओरडणं माझ्या पगारातच धरलेलं आहे.

पालम तालुक्यातल्या एका गावात आरोग्य उपकेंद्राचं काम आमच्या गुत्तेदाराला मिळालं होतं. काम काही मोठं नव्हतं, चार खोल्या आणि पुढं ओसरी. तोवर गावात किरायाच्या एका खोलीत सिस्टर बसायच्या, लस टोचायच्या, गोळ्या द्यायच्या. बाळंतपण तिथं होण्यासारखं नव्हतं. बाई अडली की तिला जीपमध्ये घालायचं आणि गंगाखेडची वाट धरायची. ती वाट कशी आहे ते मी सांगत नाही, माझ्या कमरेला विचारा. त्यामुळं नकाशात जिथं ‘प्रसूती कक्ष’ लिहिलं होतं, त्या अर्ध्या भिंतींच्या खोलीत गावातल्या बाया येता-जाता डोकावून जायच्या.

कामावर एक गवंडी होता आणि त्याची टोळी होती. टोळी म्हणजे त्याचे भाऊबंदच, सगळे नवरा-बायकोच्या जोडीनं कामाला. साईटच्या कडेला पत्र्याची खोपटं टाकून राहायचे. गवंडी माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच तिरसट. सकाळी आमचं वाजायचं आणि संध्याकाळी त्याच्याच खोपटापुढं बसून मी चहा प्यायचो. त्याच्या पुतण्याची बायको या टोळीत सगळ्यात लहान. विटा द्यायची आणि बांधलेल्या भिंतींना पाणी मारायची. बारीक चणीची, तोंडानं मात्र फटकळ. मी ओरडायला लागलो की पाण्याचा पाईप माझ्या बुटांकडं वळवायची आणि वर म्हणायची, “सायेब, सिमेटासंगं तुमाला बी पाणी लागतंय बगा, तडे जायलेत.”

तिला दिवस गेले तेव्हा टोळीला एक घोर लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि हिला माहेरच नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, बाप वीटभट्टीवर, आज इथं तर उद्या तिथं. गवंड्याची बायको, जिला सगळे मावशी म्हणायचे, ती काळजी करायची. पण पोरीनंच एक दिवस तोड काढली. भिंतीला पाणी मारता मारता म्हणाली, “म्या वाढवल्यात ह्या भिंती. हेच माजं माहेर. माजं बाळंतपण हितंच व्हनार, त्या खोलीत.”

आधी सगळे हसले. मग हसता हसता ते खरंच ठरून गेलं. सिस्टरांच्या कानावर गेलं, तर त्या म्हणाल्या, खोली होऊ द्या, पहिलं बाळंतपण हिचंच करू. तेव्हापासून टोळीच्या कामाला वेगळाच वेग आला. न सांगता माणसं सकाळी लवकर लागायची. मी उगाच ओरडायला जायचो आणि ओरडण्यासारखं काही सापडायचं नाही. अशी साईट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

अडलं ते लाईट फिटिंगवर. त्याचं काम बांधकाम खात्याच्या ऑफिसनं वेगळ्याच माणसाला दिलेलं, आणि तो माणूस पूर्णा तालुक्यात दुसऱ्या कामावर अडकलेला. वायरचे पाईप भिंतीत बसल्याशिवाय गिलावा करता येत नाही. रोज फोन केला की तो म्हणायचा, उद्या येतो. त्याच सुमाराला गुत्तेदारानं मला गंगाखेडच्या दुसऱ्या साईटवर पाठवलं. एकाच माणसाला दोन्ही साईटवर उभं करायची आमच्या गुत्तेदाराला फार हौस.

नवरात्रात परत आलो आणि थक्क झालो. बाकी सगळ्या खोल्या तशाच उघड्या विटांच्या, आणि बाळंतपणाची खोली मात्र पूर्ण तयार. गिलावा झालेला, खाली फरशी, भिंतींना कमरेएवढ्या पांढऱ्या टाईल. चुना मारून वर स्वस्तिकसुद्धा काढलेलं. पोरीला सातवा लागला होता, म्हणून गवंड्यानं फिटिंगवाल्याची वाट न बघता आधी तीच खोली उरकून घेतली होती.

“पाईप कुठाय?” मी ओरडलो.

“वरून पट्टी मारून नेतील की वायर,” गवंडी शांतपणे म्हणाला. “पोट काय फिटिंगवाल्यासाटी थांबतंय का?”

मी आणखी बोलणार होतो, पण तेवढ्यात बाया ताट घेऊन आल्या. ओटी भरायचा घाट त्यांनी त्याच दिवशी घातला होता. पोरीला त्या खोलीत पाटावर बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, खण-नारळ आणि गहू ओटीत घातले. सिस्टरसुद्धा आल्या होत्या. पालमहून जिलेबी आणली होती, ती मला दारातच हातात दिली. तोंडात जिलेबी असल्यावर माणूस किती ओरडणार? पोरगी त्या पांढऱ्या टाईलवरून एकसारखा हात फिरवत होती. एवढ्या खुशीत तिला मी नंतर कधी पाहिलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर ऑफिसचे इंजिनिअर तपासणीला आले. खोली बघितली आणि म्हणाले, “प्रसूतीच्या खोलीत उघडी वायरिंग चालणार नाही. ही खोली पाण्यानं धुवावी लागते. फोडा.” मी खूप गयावया केली. ते चिडले नाहीत, नुसती मान हलवत राहिले. खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

गवंड्यानं दुसऱ्या कुणाला छिन्नीला हात लावू दिला नाही. स्वतः लावलेल्या टाईल स्वतः फोडल्या. पोरगी खाली बसून तुकडे घमेल्यात भरत होती. मावशी म्हणाली, उठ, तू वाकू नकोस, तर तिनं ऐकलं नाही. त्या दिवशी माझ्या बुटांवर कुणी पाणी मारलं नाही. मी उगाच दोन-तीनदा तिच्या जवळून गेलो.

मग सगळंच ठप्प झालं. तशा टाईल पुन्हा मिळेनात, फिटिंगवाल्याचा पत्ता नाही, आणि पाईपशिवाय बाकीच्या खोल्यांना हात लावता येईना. टोळी खोपटापुढं बसून राहिली. बसून किती दिवस खाणार? दिवाळी झाली, साखर कारखान्याची धुराडी पेटली आणि उसाचे मुकादम गावोगाव फिरायला लागले. मी गुत्तेदाराला फोन केला, टोळीला कुठंतरी काम द्या, नाहीतर ही माणसं जातील. तो म्हणाला, जाऊ द्या हो, माणसं काय, पुन्हा मिळतात.

टोळीनं गंगाखेडकडं जायचं ठरवलं तेव्हा मी घरी परभणीला बायकोशी बोललो. ती लगेच म्हणाली, घेऊन या तिला, मी करते सगळं. मी तेवढ्याच घाईनं साईटवर गेलो आणि सांगितलं. पुतण्या खाली मान घालून बसला. त्याला नको होतं असं नाही. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. मावशीचं वेगळंच. म्हणाली, “पयलं बाळंतपण परक्याच्या दारात कसं करावं, सायेब? आमी मेलोत का?”

शेवटी पोरगीच बोलली. “म्या न्हाई गेले तर ह्यांला कोन घेईल? सायेब, तुमी खोली कवा देताव ते सांगा. गंगाखेड काय लांब हाय? येश्टीत बसले की आले.”

“महिन्याच्या आत देतो,” मी म्हणालो.

“मग झालं,” ती म्हणाली आणि भांडी बांधायला लागली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसून ती गेली. मला आपल्या माणसाला पाठवल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचा महिना मी जसा पळालो तसा कधी पळालो नव्हतो. पूर्णेजवळच्या चुडाव्याला रेल्वेनं उतरून फिटिंगवाल्याच्या दारात जाऊन बसलो. त्याची बायको चहा देऊन थकली, पण त्याला घेतल्याशिवाय मी उठलो नाही. टाईल नांदेडहून आणल्या. त्या आधीच्या टाईलशी जुळत नव्हत्या, थोड्या पिवळसर होत्या. गावातला एक म्हातारा गवंडी शेतातनं ओढून आणला आणि त्याच्या हाताखाली मी स्वतः माल कालवला. वीज मंडळाच्या ऑफिसात मीटरसाठी इतक्या चकरा मारल्या की शिपाई मला जेवलात का विचारायला लागला. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही लाईट आणि पाणी द्या. उद्घाटनाचं काय ते पुढचं पुढं बघू. बाई अडली तर मी दार उघडते.”

आणि लाईट आली. टाकीत पाणी चढलं. मी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. सिस्टरांनी आपल्याकडची खाट आणून ठेवली, तिच्यावर धुतलेली चादर घातली. मी तिथंच उभा राहून उसाच्या फडावर गेलेल्या गवंड्याला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, “आणा तिला! उद्याच्या उद्या आणा!”

पलीकडं वारा वाजत होता. मग गवंडी म्हणाला, “झालं तिचं, सायेब.”

“झालं? काय झालं? पोरगा का पोरगी?”

“पोरगी. फडातच झाली. काल दिसभर पोट दुकतंय म्हनत व्हती, आमाला वाटलं अजून अवकाश हाय. जीप येईस्तोवर मोकळी झाली. लेकरू रडलंच न्हाई बगा. ती बरी हाय. पडून हाय खोपीत.”

सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली, त्या समजल्या आणि खाटेवर बसून राहिल्या. मी बाहेर येऊन वाळूच्या ढिगावर बसलो आणि रडलो. या धंद्यात मी खूप काही बघितलंय, माणूस परांचीवरून पडलेला बघितलाय, पण असा रडलो नव्हतो. कुणावर ओरडावं तेच कळेना. फिटिंगवाल्यावर? इंजिनिअरवर? गुत्तेदारावर? का माया लावून घाई केली म्हणून त्या गवंड्यावर? आयुष्यभर ओरडलो, आणि खरोखर ओरडायची वेळ आली तेव्हा समोर कुणीच नव्हतं.

शिमगा झाल्यावर कारखाना बंद पडला आणि टोळी उरलेल्या कामाला परत आली. तीही आली. अंगानं आणखी वाळलेली, हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, तो तिनं पूर्वी कधी घेतला नव्हता. मावशी चुलीपुढं बसून हळूच म्हणाली, “कवाकवा झोपेत थोपटती, सायेब.” मी चहा तसाच ठेवून उठलो.

काम संपलं. इमारत ताब्यात द्यायच्या आधी सगळ्या खोल्या घासून स्वच्छ करायच्या असतात, ते काम बायांचं. मी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, ती खोली हिला देऊ नका, दुसरी कुणी करेल. मावशी म्हणाली, मी बी तेच म्हनले. पण दुपारी मी ओसरीवर आलो तर आतून घासल्याचा आवाज येत होता.

दारात जाऊन बघितलं. ती गुडघ्यावर बसून फरशीवर पडलेले सिमेंटचे थेंब खरवडत होती. एक थेंब निघेना तर नखानं काढत होती.

“कशाला करतीस तू?” मी म्हणालो. “राहू दे. करील कुणीतरी.”

तिनं मान वर केली नाही. बादलीत फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागली.

“आता कुनाचं तरी लेकरू व्हनार हाय हितं, सायेब,” ती म्हणाली. “त्याला रडू आलं पाह्यजे. त्याला काई बाधू नाय.”