सादिकभाईंची विलायती घड्याळं

बल्लारपुरात पेपर मिलचा भोंगा वेळ सांगतो आणि वास हवामान सांगतो, तरीही सादिकभाईंनी चाळीस वर्षं स्टेशन रोडवर घड्याळजीचं दुकान चालवलं. मोबाइल आले आणि गिऱ्हाईक आटलं. उरले ते सेल बदलायला येणारे. पण नागपूरच्या खानझोडे साहेबांमुळे म्हाताऱ्याची मान ताठ होती.

साहेबांना जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांचा नाद. दोनच माणसं बसणाऱ्या, छप्पर नसलेल्या, साठ वर्षं जुन्या गाड्या. इंजिनाचे मिस्त्री त्यांना चार मिळाले, पण डॅशबोर्डवरचं वाटीएवढं घड्याळ चालू करणारा एकच. टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ बसच्या पार्सलनं यायचं आणि पंधरा दिवसांनी टिकटिकत परत जायचं. गाडी मात्र सादिकभाईंनी एकदाही पाहिली नव्हती.

"नवरी पाह्यली नाई अन् नथ घडवून राह्यले," शेजारच्या टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता इसरू म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी साखरेनं सादिकभाईंच्या डोळ्यांचा पडदा धरला. चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उरलं ते सांभाळा. ही गोष्ट त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली, बायकोला, रशिदाबीला. काम मात्र थांबवलं नाही. दुकानामागंच घर. दुपारी शटर अर्धं ओढून दोघं बसायची. भिंग रशिदाबीच्या डोळ्याला, चिमटा सादिकभाईंच्या हातात. "डावीकडं. आणखी जराशीक. बस." सगळ्यात जपायचं ते वायरींना. या गाड्यांत काळी वायर बॉडीची, जांभळी बॅटरीची. उलटी लागली की घड्याळ आतून जळालंच म्हणा. सादिकभाईंना आता दोन्ही कोळशासारख्या दिसत.

अशी अकरा घड्याळं गेली. साहेब फोनवर म्हणायचे, "चाचा, तुमचे डोळे म्हणजे दुर्बीण!" आणि दुर्बीण आत भाकऱ्या थापत असायची.

"खरं सांगून टाका ना त्याईले," रशिदाबी म्हणायची.

"अन् पार्सल बंद झालं तं? बायकोच्या डोळ्यानं काम करते म्हनून गावभर होईन, ते वेगळंच."

फेब्रुवारीत साहेबांचा फोन आला. ते गाडी घेऊन पोंभुर्ण्याकडं निघाले होते, वाटेत थांबणार होते. "या गाडीचं घड्याळ तुमच्याकडंच दुरुस्तीला आहे, ते तुमच्याच हातानं बसवा चाचा. मान तुमचा."

भर दुपारी गाडी दुकानासमोर उभी राहिली. ती इतकी बुटकी होती, की इसरू टपरी सोडून आला. "साहेब, हे अजून मोठी होईन का एवढीच राहीन?" लोक हसले. सादिकभाईंनी बॉनेटवरून हात फिरवला, एखाद्या घोड्यावरून फिरवावा तसा. ऊन लखलखीत होतं, आणि त्या उन्हात त्यांना गाडीचा फक्त आकार दिसत होता.

रशिदाबी दुकानाच्या पायरीवर आली होती. हळूच म्हणाली, "मी येऊ का?"

"तू थांब तिथीच."

ते घड्याळ घेऊन सीटवर बसले. डॅशबोर्डच्या भोकातून दोन वायरी हाताला लागल्या. दिसणारा माणूस धरेल तशा त्यांनी त्या उजेडाकडं धरल्या. इसरूला विचारता आलं असतं, साहेबांना विचारता आलं असतं. त्यांनी बोटांना विचारलं. एक वायर जरा गुळगुळीत लागली. तीच जांभळी, असं ठरवून जोडली. साहेबांनी चावी फिरवली.

चट्ट असा आवाज झाला. घड्याळाच्या काचेआडून धुराची बारीक रेघ निघाली.

साहेब वाकले. वायरी पाहिल्या, मग सादिकभाईंचा चेहरा पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक वायर उचलून धरली. "चाचा, ही कोणती?"

सादिकभाई म्हणाले, "मले दिसत नाई, साहेब."

रशिदाबी खाली उतरली. "दोन वर्षं मी पाहून देऊन राह्यली. अकरा घड्याळं गेली. एक तरी वापस आलं का, सांगा."

"नाही आलं," साहेब म्हणाले. "पण मला सांगायला हवं होतं, चाची. ही घड्याळं पुन्हा मिळत नाहीत." मग दुकानात दुरुस्तीला असलेली आणखी दोन त्यांनी मागितली. एक तर तयारच होतं, चालू होतं. रशिदाबीनं दोन्ही टॉवेलात गुंडाळून दिली. जळालेलं साहेबांनी खिशात टाकलं. गाडी गेली, आणि इसरू टपरीत शिरून खर्रा घोटू लागला.

सादिकभाई बाकड्यावर जाऊन बसले. म्हणाले, "तू पायरीवर होती. तिथून वायर दिसत होती का तुले?"

"हो."

"कोन्ती जोडून राह्यलो, तेबी?"

"तेबी."

"मंग बोलली काऊन नाई?"

रशिदाबीनं शटर खाली ओढलं. "तुमीच थांब म्हनलं ना."