लाल पट्ट्याचा डबा

दादांनी सायकल देऊन टाकली, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. दादा म्हणजे आमचे वडील. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते आणि गेली कित्येक वर्षं त्याच सायकलवरून पिंपरीतल्या आमच्या चाळीतून कामावर जात होते. सायकल कुणाला दिली, तर तळवड्याच्या मामाला. का, तर म्हणे, "मला आता कुठं जायचंय?"

दोन महिन्यांपूर्वी त्यांना हार्टचा झटका आला होता. बारीकसा. दवाखान्यातून घरी आले, गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं की माणूस फिट आहे, कामावर जाऊ द्या, फक्त जड उचलू देऊ नका. कंपनीनंही गेज रूममध्ये बसून नव्या पोरांना मापं शिकवायचं हलकं काम देऊ केलं होतं. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. पण दादा दारातल्या लोखंडी घडीच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. दाढी नाही, बोलणं नाही. ताट पुढं ठेवलं की चार घास चिवडायचे आणि म्हणायचे, "सगळं अनित्य आहे." विहारात इतकी वर्षं ऐकलेल्यातलं नेमकं एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, फर्स्ट शिफ्ट करून दमून यायचे आणि हे ऐकायचे. एकदा म्हणालेच, "दादा, अनित्य भाकरीला लागू नसतं. गरम आहे तोवर खा." आईनं डोळे वटारले. पण मला भीती वाटत होती, खरी भीती. तो सोमवार हुकला तर हा माणूस त्या खुर्चीतून परत उठणार नाही, हे मला दिसत होतं.

आमच्या शेजारी एक इलेक्ट्रिशियन राहायचा. दादांच्याच कंपनीतला, पोटानं मोठा आणि मनानं त्याहून मोठा. कामगार कल्याण केंद्राच्या हॉलमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचं काम त्याच्याकडे असे. त्या रविवारी दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. "दादा, चला राव. मला रिळांचे डबे द्यायला माणूस पाहिजे. बसल्या जागी हात पुढं करायचा, बास." दादा नको म्हणाले. मी त्यांचा सदरा आणला, आईनं टोपी आणली, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना दाराबाहेर काढलं.

हा सिनेमा आणायचा घाट कंपनीतल्या एका तरुण इंजिनियर साहेबांचा. पुण्याच्या कुठल्याशा मंडळाकडून ते रिळं मिळवायचे आणि आम्हा लोकांना शहाणं करायचे. हॉल गच्च भरलेला. बायका चिवड्याचे डबे घेऊन आलेल्या, कारण गाण्यांचा पिक्चर आहे अशी कुणीतरी आवई उठवली होती. साहेब पुढं उभे राहून म्हणाले, "हा मनोवैज्ञानिक विज्ञानपट आहे. मानवी अस्तित्वाचा अर्थ आणि मृत्यू यांचा शोध." मी कपाळावर हात मारला. दोन महिन्यांनी माणसाला घराबाहेर काढलं, ते नेमकं हे बघायला.

पिक्चर असा होता. पृथ्वीपासून लांब, अवकाशातल्या एका ठाण्यावर एकटा माणूस पहाऱ्याला ठेवलेला. रोज सकाळी तो नाश्त्याला बसतो, तर समोरच्या खुर्चीत आधीच कुणीतरी बसलेलं. बघतो तर तोच. म्हणजे उद्याचा तो. समोरच्याच्या बोटाला चिंधी दिसली की समजायचं, आज आपलं बोट कापणार. समोरच्याचे डोळे सुजलेले दिसले की आज रडायचंय. समोरचा बोलत काहीच नाही, नुसता बघतो. मग हा बिचारा दिवसभर चाकूला हात लावत नाही, आणि शेवटी पत्र्याच्या कडेनंच बोट कापतं. हळूहळू त्याचं खाणंच सुटतं. पाव हातात घेऊन समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

भाषा परकी, खाली इंग्रजी अक्षरं. साहेब पडद्याशेजारी उभं राहून मराठीत सांगत होते. "तो विचारतोय, उद्या काय होणार?" बराच वेळ गेला. "अजून तेच विचारतोय." मागून कुणीतरी ओरडलं, "मग सांगून टाक म्हणावं एकदाचं." हॉल हसला. मी मात्र मागं वळून दादांकडे बघितलं. मशीनच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. ते सगळं विसरून बघत होते.

आणि एका सकाळी तो माणूस नाश्त्याला येतो, तर समोरची खुर्ची रिकामी. उद्याचा माणूस आलेलाच नाही. तो दारात थिजून उभा राहतो, आणि रीळ संपलं. पडदा पांढरा झाला, इलेक्ट्रिशियननं दिवे लावले.

साहेब भारावले होते. त्यांनी स्वतः हा पिक्चर आधी पाहिलेला नव्हता, नुसतं वाचलं होतं. "रिकामी खुर्ची म्हणजे मृत्यू," ते म्हणाले. "उद्या तो नाही. आणि दिग्दर्शक इथंच थांबतो, उत्तर देत नाही. यातच या कलाकृतीचं मोठेपण आहे. बोला, कुणाला काय वाटतं?"

कुणालाच काही वाटत नव्हतं. बायका डबे बंद करायला लागल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, एक विचारू का?" दादा उभे होते. "रिलीव्हर आला नाही, तर माणूस मरतो का?"

आमच्याकडे त्या वेळी कारखान्यातला रिवाज असा की पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, मशीनवर येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. तो आलाच नाही, तर त्याचीही शिफ्ट आपणच करायची. याला डबल मारणं म्हणतात. दादा सांगू लागले, "खुर्ची मोकळी म्हणजे रिलीव्हर आला नाही. याला डबल लागली. आणि साहेब, तो रोज समोर येऊन बसायचा, त्यानं कधी चार्ज दिला का घेतला का? एक शब्द बोलला? असला माणूस न आलेला बरा. तो समोर बसला, म्हणून तर ह्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता." एवढं बोलले आणि एकदम थांबले. खाली बसले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेबांनी तर वहीत लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी दादांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणाले. आईला एवढा आनंद झाला की ती उलटून बोललीसुद्धा नाही. मंगळवारी त्यांनी दाढी केली. मी मनातल्या मनात साहेबांचे पाय धरले.

बुधवारी शिफ्टवरून येताना इलेक्ट्रिशियननं मला बसस्टॉपवर गाठलं. तोंड उतरलेलं. "घोटाळा झालाय," तो म्हणाला. "पिक्चर संपलाच नव्हता. रिळं चार होती. चौथा डबा बाकाखाली सापडला."

हॉल झाडताना मिळाला म्हणे. शेवटचं रीळ ओळखू यावं म्हणून पुण्याच्या लोकांनी त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला होता. आता दादांच्या खात्यात पास मालाला हिरवा ठिपका, दुरुस्तीला पिवळा, आणि लाल म्हणजे रिजेक्ट. लाल दिसला की हात आपोआप चालतो, माल बाजूला. दादांनी डबे लावताना लाल पट्टा पाहिला आणि डबा बाकाखाली सारला, इलेक्ट्रिशियननं ते पाहिलंही होतं. "अरे, मग तू का नाही उचललास?" मी चिडून विचारलं. तो म्हणाला, "इन्स्पेक्टरनं बाजूला काढलेल्या मालाला हात लावायचा नसतो, ताई. नोकरी जाते." धन्य आहे, म्हटलं.

दोघं तडक हॉलवर गेलो. त्यानं डबा उघडून रीळ थोडं उलगडलं आणि आम्ही खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. नखाएवढी चित्रं. पहिल्यात तो माणूस पलंगावर आडवा, डोळे मिटलेले. पुढच्यात तेच. हातभर फिल्म बघितली, दोन हात बघितली, तो हललाच नाही. म्हणजे साहेबांचंच खरं होतं. सोमवार पाच दिवसांवर आलेला, आणि आत्ता कुठं दाढी झालेली. मी इलेक्ट्रिशियनला बजावलं, "हा डबा उद्याच पुण्याला पाठव. दादांच्या कानावर गेलं तर तू आहेस आणि मी आहे."

घरी आले तर दादा खुर्चीत नव्हते. आत उभे होते, हात मागं बांधून. "बाई, त्या दिवशी मी एक लाल डबा बाजूला काढला होता. त्याचं काय झालं?"

"कुठला डबा?" मी म्हणाले. खोटं बोलताना मी भांडी घासायला घेते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी परात घासायला घेतली.

"घासून झालेली परात आहे ती," दादा म्हणाले. "तीन दिवस मला झोप नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक पीस न मापता रिजेक्ट केला नाही. गेज लावल्याबिगर लाल ठिपका दिला नाही कधी. आणि तो डबा मी नुसता रंग बघून टाकला. काय होतं त्यात, कोणी बघितलं?"

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. परात खाली ठेवली आणि म्हणाले, "डब्याचं एवढं वाईट वाटतंय तुम्हाला? आणि स्वतःला काय केलंत? डॉक्टरांनी मापून, तपासून पास केलंय. तुम्हीच आपला लाल पट्टा ओढून घेतलाय आणि बाकाखाली जाऊन बसलाय. सायकलसुद्धा देऊन टाकलीत. कुठलं गेज लावलं होतं तेव्हा?" बोलता बोलता मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

आई चुलीपुढून म्हणाली, "व्हय, बरूबर बोलतीया ती." आई चऱ्होलीची, तिची बोली तिकडचीच. दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा कुणाची बाजू घेतली होती. शेवटी दादा म्हणाले, "डबा पाठवू नका. रविवारी लावा. मी स्वतः देणार."

रविवारी पुन्हा हॉल गच्च. कसला पिक्चर आहे ते आता सगळ्यांना माहीत होतं, तरी लोक आले, कारण डबल मारलेल्या माणसाचं काय झालं हे प्रत्येकाला बघायचं होतं. साहेब जरा ओशाळून एका कडेला उभे होते. दादांनी सगळ्यांदेखत डबा उघडला, रीळ इलेक्ट्रिशियनच्या हातात दिलं. मी आईचा हात घट्ट धरून बसले.

पडद्यावर तो माणूस पलंगावर, डोळे मिटलेले. अर्धं मिनिट झालं. कोणी खोकेना. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "तो गेला." आणि त्या माणसानं कूस बदलली आणि घोरायला लागला.

असा हॉल हसलेला मी परत कधी पाहिला नाही. बायका एकमेकींना थापट्या मारत होत्या. झोपला होता मेला. समोर बघायला कुणी नाही म्हटल्यावर किती तरी दिवसांनी गाढ झोपला होता. मग तो उठतो, उशिरा, आणि रिकाम्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसतो आणि नाश्ता करतो. दुसऱ्या दिवशी तसाच, तिसऱ्या दिवशी तसाच. पाव खातो, गुणगुणतो, केस पिकत जातात. कुठं बोट कापतं, कुठं नाही, त्याला आधी काही कळत नाही. आणि अगदी शेवटी एक सकाळ. दोन्ही खुर्च्या रिकाम्या, टेबलावर खरकटी ताटली आणि अजून वाफ येणारा कप.

दिवे लागले. साहेब म्हणाले, "म्हणजे शेवटी मृत्यूच."

दादा मागून म्हणाले, "मेला की. पण नाश्ता करून मेला."

सोमवारी ते हजर झाले. त्याआधी मला तळवड्याला सायकल आणायला जावं लागलं. मामानं तिला दुधाच्या किटल्या लावून ठेवल्या होत्या. "दिल्याली वस्तू कुणी मागं मागतं व्हय?" तो म्हणाला. मी म्हटलं, "मामा, देणाऱ्याला तेव्हा मरायचं होतं. आता बेत बदललाय." त्यानं कुरकुरत किटल्या सोडल्या. दादा गेज रूममध्ये बसले आणि रिटायर होईपर्यंत पोरांना मापं शिकवली. साहेबांचे सगळे पिक्चर त्यांनी पाहिले, प्रत्येकावर वाद घातला, आणि पिक्चर सुरू होण्याआधी ते मोठ्यानं डबे मोजायचे.

एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर एका सकाळी ते गेले. पोहे खाल्ले, मीठ जास्त झालंय म्हणून माझ्याशी भांडले, मी म्हटलं उद्या तुम्ही करा, ते म्हणाले बघू, आणि खुर्चीत टेकले. ताटली चाटूनपुसून साफ केली होती.

दिवस झाल्यावर आईनं सकाळी सवयीनं त्यांचाही चहा ओतला. ओतला आणि तशीच उभी राहिली. दारातल्या त्या लोखंडी खुर्चीत तोवर कुणी बसलं नव्हतं. मी कप घेतला आणि जाऊन तिच्यात बसले. आई बघत राहिली, मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "पोहे टाकू का? मीठ तूच घाल."