एक चूक बरी की सात?

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि फॉर्म भरणारा मी एकटाच. तेवढ्याच जोरावर हे लिहायला बसलो आहे. विषयही मोठा नाही. सी भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास कसा झालो, एवढाच.

आमच्या कॉलेजात सी शिकवायचे ते निळ्या पडद्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर. प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर ‘कोनियो’ नावाची फाइल मागवायची. मग पडदा पुसण्याची आज्ञा, आणि शेवटी उत्तर वाचेपर्यंत पडदा थांबवून धरण्याची आज्ञा. हे कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. लग्नपत्रिकेवर ‘श्री’ कशासाठी, ते तरी कुठे विचारलं होतं?

परीक्षेला लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर होते, त्यांच्यावर नवा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून चालवणारं सॉफ्टवेअर. पाठ केलेला प्रोग्रॅम मी भराभर टाइप केला. उत्तराच्या जागी चूक आली: कोनियो फाइल सापडत नाही. परीक्षक मॅडम बाहेरच्या कॉलेजच्या होत्या. मी हात वर करून सांगितलं, की या कॉम्प्युटरमधली एक फाइल हरवली आहे.

“चोरी थई गई, एम?” मॅडम शांतपणे गुजरातीत म्हणाल्या आणि पुढच्या रांगेत गेल्या.

मग मी कोनियो मागवायची ओळच काढून पाहिली. एका चुकीच्या सात झाल्या. घाबरून ओळ परत लिहिली, तर पुन्हा एकच. सातांपेक्षा एक बरी, असं ठरवून प्रोग्रॅम तसाच जमा केला आणि बऱ्यापैकी समाधानाने भेस्तानला घरी आलो.

नापास झालो. एक फेरपरीक्षा होती. तीही गेली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर मी वडिलांच्या शेजारच्या यंत्रमागांवर उभा राहणार, हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं. वडील खानदेशातून आले तेव्हापासून मागावरच आहेत.

लॅब सुट्टीत बंद, म्हणून मोबाइलवर कंपायलर घेतला. त्यानेही तेच सांगितलं.

“दादा, फाइल सापडली का?” बहीण रोज विचारायची. “चौकीत लिहून देऊ? रंग कोणता होता तिचा?”

एका रविवारी वडील चहा पीत ऐकत होते. मी तिला समजावत होतो, की ओळ काढली की चुका वाढतात, म्हणून काढता येत नाही.

“वाढतस नही रे भाऊ,” वडील म्हणाले. “आधीच व्हत्यात त्या. एक तार तुटनी की माग बंद. ती गाठ मारी, माग पुढे गया, की दुसरी तुटनी ती दिसस. तू गाठ सोडी टाकस आन म्हणस, एकच तुटनी.”

“म्हणजे दादा सात चुका झाकून आला,” बहीण म्हणाली.

मी ओळ काढली. सातही चुका वाचल्या. सगळ्या प्रोग्रॅमभर पुन्हापुन्हा लिहिलेल्या त्या दोनच आज्ञांच्या होत्या, पुसण्याच्या आणि थांबवण्याच्या, कारण त्या दोन्ही कोनियोमधून येत होत्या. नव्या कंपायलरला ती फाइल माहीतच नव्हती. मी एकेक आज्ञा खोडली आणि प्रोग्रॅम चालला. पडदा न पुसताही उत्तर येतं, हे पाहून थोडं अपराधी वाटलं.

फेरपरीक्षेला त्याच मॅडम होत्या. माझं उत्तर बरोबर आलं, पण वर आधीच्या ओळींचा पसारा तसाच होता. मी म्हणालो, “सॉरी मॅडम, पडदा पुसता आला नाही.”

“झाडू साथे आवजे हवे,” त्या म्हणाल्या, म्हणजे यापुढे झाडू घेऊन यायचं, आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं, ते दिसलं नाही.

निकालाला पुढे तीन आठवडे लागले. निकालाच्या दुपारी मी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो होतो. वर्गमित्राचा फोन आला, पण मागांच्या आवाजात काही ऐकू येईना. वडिलांनी माग थांबवला, हाताने मला बाहेर जायची खूण केली आणि माझ्यामागे दारापर्यंत आले.

“पास छे तुं,” मित्र म्हणाला.